सौदा, दलाल आणि गिऱ्हाईक : मुंबईच्या शेअर-बाजारांतील तंट्यांचा पुरावा

गिऱ्हाइकानें दलालास एक काम सांगावें, दलालानें तें निराळ्याच रीतीनें करावें, आणि मग उभयतांचा तंटा लागावा, हा प्रकार बाजाराइतकाच जुना आहे. मुंबईच्या शेअर-बाजाराविषयीं जें लेखन झालें आहे त्यांत तेजी-मंदीच्या हकीकती विपुल आहेत, धनाढ्यांचीं चरित्रेंही आहेत. परंतु एका सामान्य गिऱ्हाइकाचा एक सौदा प्रत्यक्ष कसा पुरा झाला, त्याचा भाव कोणत्या क्षणीं व कोणाच्या तोंडानें ठरला, आणि पुढें वाद पडल्यावर दाखला कोणाच्या पदरीं होता, या प्रश्नांचा विचार इतिहासाच्या दृष्टीनें फारसा झालेला दिसत नाहीं. तो थोडक्यांत करावा असा आमचा मानस आहे.

विषयाची मर्यादा आरंभींच सांगणें बरें. शेअर घेऊन नुकसान झालें म्हणून दलालास दोष देणें हा आमचा विषय नव्हे. भाव पडणें हा बाजाराचा धर्म आहे. सौदा पुरा करण्याच्या कृतीविषयींचा जो तंटा, तोच येथें विचारास घेतला आहे. असे तंटे चार जातींचे असतात. हुकूम दिला असतां सौदा केलाच नाहीं किंवा वेळ दवडून केला, ही पहिली जात. सौदा एका भावानें केला आणि गिऱ्हाइकास दुसराच भाव लाविला, ही दुसरी. दलालानें बाजारांत न जातां स्वतःच विकणारा किंवा घेणारा होऊन गिऱ्हाइकाशीं व्यवहार केला, ही तिसरी. हुकूम नसतां गिऱ्हाइकाच्या नांवें सौदा घातला, ही चौथी. पुढील विवेचनांत याच चार जाती वारंवार येतील. आमचें प्रमेय असें कीं, या चारही जातींविषयींचा नियम फार प्राचीन काळापासून जवळ जवळ ठरलेला आहे. पालटत गेला तो पुरावा. ज्याच्या हातीं लेख, त्याचा पक्ष बळकट, हें या इतिहासाचें सार आहे.

[१] शास्त्रकारांचा विचार

‘दलाल’ हा शब्द मूळ अरबी असून वाट दाखविणारा असा त्याच्या धातूचा अर्थ आहे. शब्द परका असला तरी धंदा परका नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांतील बाराव्या अध्यायांत ठेवींचें प्रकरण आहे. त्याच्याच पोटांत दुसऱ्याचा माल विकून देणाऱ्या वैयावृत्यकरांचा विचार केला आहे. हा ग्रंथ शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केला, आणि मुंबई विद्यापीठातर्फें प्रा. कंगले यांची चिकित्सित आवृत्ति १९६० सालीं निघाली, हें वाचकांस विदित आहेच.

तेथील आशय असा. देश व काल पाहून विक्री करणाऱ्यानें जें मूल्य आलें व जो नफा झाला तो जसाच्या तसा धन्यास द्यावा. देशकाल दवडल्यामुळें घट आली तर ती त्यानें भरून द्यावी. बाजारचा भावच उतरला असेल तर उतरलेल्या मानानें कमी मूल्य देण्यास हरकत नाहीं. जे विश्वासू व राजाच्या ठपक्यास पात्र न झालेले व्यापारी असतील, त्यांच्या हातून दैवी आपत्तीनें माल गेला तर त्यांजकडून मूल्यही मागूं नये.

या चार वाक्यांच्या आशयांत आजच्या तंट्यांचीं तीन अंगें स्पष्ट आहेत. जसा भाव आला तसाच सांगावा, म्हणजे मधला फरक गिळूं नये. वेळ दवडली तर तोटा दलालाचा. भाव आपोआप पडला तर तोटा धन्याचा. दलालाचा अपराध व बाजाराची गति यांतील जो भेद आधुनिक न्यायालयें मोठ्या श्रमानें करीत असतात, तो येथें आधींच केलेला आहे. याज्ञवल्क्यानेंही मूल्य घेऊन माल न देणाऱ्या विक्रेत्याकडून नफ्यासह भरपाई घ्यावी असें सांगितलें आहे, आणि ‘विक्रीयासंप्रदान’ हें व्यवहाराच्या अठरा पदांपैकीं एक पद होऊन बसलें आहे.

आतां पुराव्याकडे वळूं. लेख, भोग आणि साक्षी हीं मानुष प्रमाणें, आणि त्यांच्या अभावीं दिव्य, अशी शास्त्राची मांडणी आहे. कर्जदारानें स्वहस्तें लिहिलेला लेख साक्षीवांचूनही प्रमाण मानावा, मात्र तो बलानें किंवा कपटानें करून घेतलेला नसावा, असेंही याज्ञवल्क्य म्हणतो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. हा लेख लिहिणाऱ्याच्या विरुद्ध प्रमाण आहे. लिहिणाराच आपल्या लाभासाठीं आपली वही पुढें करूं लागला तर काय करावें, हा निराळा प्रश्न होय. आणि दलाल व गिऱ्हाईक यांच्या तंट्यांत नेमका तोच उत्पन्न होतो.

[२] वडाच्या झाडाखालचा बाजार

मुंबईंत शेअरांचे सौदे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तुरळक चालत. १८४० ते १८५० या दशकांत या धंद्यांतले जाणते दलाल पांच-सहांच्या वर नव्हते. १८६० च्या सुमारास त्यांची संख्या साठांवर गेली, आणि अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचा पैसा शहरांत लोटूं लागल्यावर दोन-तीन वर्षांतच ती दोनशें-अडीचशें झाली. टाऊन हॉलासमोर वडाचीं झाडें होतीं. त्यांच्या सावलींत हे दलाल जमत. बाजारास छप्पर नव्हतें, दप्तर नव्हतें, आणि भाव लिहून ठेवणारा कोणी कारकूनही नव्हता. सौदा तोंडीं होई. दलाल तो आपल्या वहींत टिपी आणि सायंकाळीं गिऱ्हाइकास कळवी. भावाची साक्ष म्हणजे जवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या दलालाची आठवण.

याच टाऊन हॉलांत एशियाटिक सोसायटीचा ग्रंथसंग्रह होता व आजही आहे. वर ताम्रपट व पोथ्या आणि खालीं वायद्याचा कोलाहल, अशी ही शेजारशेजारची वस्ती होती. या दोन्ही ठिकाणांशीं संबंध असलेलें एक नांव आपल्या अभ्यासक्षेत्रांत आदरानें घेतलें जातें. अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे, पोथ्या व नाणीं यांचा संग्रह करणारे डॉ. भाऊ दाजी लाड यांची संपत्ति या शेअरांच्या लाटेंत बुडाली. त्यांच्या नांवाचा पोथीसंग्रह सोसायटींत सुरक्षित राहिला, हें आपलें भाग्य म्हटलें पाहिजे.

त्या काळच्या व्यवहाराचें स्वरूप समजण्यास एक उदाहरण पुरे. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरावर पांच हजार रुपये भरलेले असतां त्याचा भाव सुमारें पन्नास हजारांपर्यंत चढला. इतके रोख पैसे देऊन शेअर घेणारे थोडे; बहुतेक सौदे वायद्याचे. आज भाव ठरवावयाचा आणि माल व पैसा पुढील ठरलेल्या दिवशीं द्यावयाचा. अशा असंख्य वायद्यांची मुदत १ जुलै १८६५ रोजीं भरत होती. एप्रिलांत जनरल ली शरण गेला, ती वार्ता मुंबईस पोंचली, कापूस कोसळला आणि त्याबरोबर शेअरही कोसळले. वायद्याच्या दिवशीं घेणाऱ्याजवळ पैसा नव्हता, आणि विकणाऱ्यास जुना भाव सोडवत नव्हता.

आतां या साखळीची कल्पना करावी. अमक्यानें तमक्यास विकले, त्यानें तिसऱ्यास, तिसऱ्यानें चौथ्यास. आणि प्रत्येक दोघांमध्यें एक दलाल. शेवटचा घेणारा बसला कीं मागचे सगळे बसतात. गिऱ्हाईक म्हणे, ‘माझा माल तुम्हीं विकला, पैसे तुम्ही द्या.’ दलाल म्हणे, ‘मी मधला, घेणारा अमुक आहे, त्याजकडे जा.’ त्या अमुकाचें नांव सौद्याच्या वेळीं गिऱ्हाइकास सांगितलें होतें किंवा नाहीं, आणि दलालानें जोखीम पत्करली होती किंवा नाहीं, यावर सर्व भिस्त. आणि दोन्ही गोष्टी तोंडीं. दिवाळीं इतकीं निघालीं कीं त्या मालमत्तांची व्यवस्था लवकर लागावी म्हणून सरकारास १८६५ चा २८ वा कायदा करावा लागला. शेअरांच्या तारणावर कर्जें देणारी बाँबे बँकही बुडाली, आणि तिच्या चौकशीसाठीं १८६८ सालीं कमिशन बसलें.

[३] जुगाराची सबब आणि अडतीची रूढि

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल कीं गिऱ्हाईक नेहमीं भोळें आणि दलाल नेहमीं लबाड. कायद्याचा इतिहास पाहतां तसें म्हणतां येत नाहीं.

अफूच्या लिलावांत भाव काय येईल यावर मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं लाविलेल्या पैजेचा एक दावा प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला, आणि अशी पैज कायद्यानें वसूल करतां येते असा निकाल १८४८ सालीं लागला. लागलीच त्याच वर्षीं २१ वा कायदा होऊन पैजेचे करार रद्द ठरले. परंतु पैज लावणारे दोघे आणि त्यांचा मध्यस्थ हे निराळे. मध्यस्थाचा दलालीचा हक्क त्या कायद्यानें गेला नाहीं. ही फट मुंबई सरकारनें १८६५ च्या तिसऱ्या कायद्यानें बुजविली. पैजेच्या पोटीं केलेले आनुषंगिक करारही रद्द, आणि त्याबद्दलची दलाली वा अडत मागण्यास न्यायालयाचें द्वार बंद. हा कायदा मुंबई इलाख्यापुरता होता; इतर प्रांतांत १८७२ च्या कराराच्या कायद्याचें ३० वें कलम लागू झालें तरी मध्यस्थाची वाट तेथें मोकळीच राहिली.

याचा परिणाम काय झाला? भाव अनुकूल गेला तर गिऱ्हाईक नफा घेई. भाव फिरला आणि दलालानें पैसे मागितले तर तेंच गिऱ्हाईक न्यायालयांत सांगे कीं, ‘हा व्यवहार मुळांत जुगार होता, माल देण्या-घेण्याचा हेतु कधींच नव्हता.’ दलालानें मात्र समोरच्या दलालास आपल्या पदरचे पैसे भरलेले असत. शेवटीं न्यायालयांनीं असें ठरविलें कीं एकट्या गिऱ्हाइकाच्या मनांत जुगार असून भागत नाहीं. माल कधींच द्यावयाचा-घ्यावयाचा नाहीं असा दोन्ही पक्षांचा समान हेतु सिद्ध झाला पाहिजे. ही कसोटी योग्यच होय. तथापि हेतु हा मनाचा धर्म. तो सिद्ध करावयाचा म्हणजे पुनः वह्या पाहणें आलें. मागें कधीं माल दिला-घेतला होता काय? केवळ फरकच जमा-नांवें पडत होता काय? प्रश्न कायद्याचा, परंतु उत्तर खतावणींत.

दुसरा मुद्दा अडतीचा. आपल्या बाजारपेठांत कच्ची अडत आणि पक्की अडत असे दोन प्रकार रूढ आहेत. कच्चा अडत्या दोघांची गांठ घालून देतो आणि आपली अडत घेऊन बाजूस होतो. पक्का अडत्या धन्याशीं स्वतः बांधला जातो. समोरचा बुडाला तरी धन्याचे पैसे तो देतो, आणि त्याबद्दल धन्याचा हुकूम तो स्वतःच्या मालांतूनही पुरा करूं शकतो. मुंबई हायकोर्टानें १९०५ सालीं ही रूढि पुराव्यानें सिद्ध मानून तिचीं अंगें निश्चित केलीं, आणि पुढें प्रिव्ही कौन्सिलानेंही ती मान्य केली. वर सांगितलेल्या तिसऱ्या जातीच्या तंट्याचा उलगडा येथें होतो. दलाल स्वतःच दुसरा पक्ष झाला, हा अपराध कीं रूढि? कराराच्या कायद्याचें २१५ वें कलम म्हणतें कीं धन्याच्या संमतीवांचून व सर्व महत्त्वाच्या गोष्टी न सांगतां मुखत्यारानें स्वतःशींच व्यवहार केला, आणि त्यांत कांहीं लबाडीनें लपविलेलें आढळलें किंवा तो व्यवहार धन्यास अहितकारक झाला, तर धन्यास तो नाकारतां येतो. पक्क्या अडतींत संमति रूढीनेंच गृहीत असते, कारण तिच्या मोबदल्यांत जोखमीची हमी मिळालेली असते. जेथें हमी नाहीं आणि सांगणेंही नाहीं, तेथें मात्र तो अपराधच होय. त्याच कायद्याचें २११ वें कलम असें सांगतें कीं धन्याचा हुकूम असेल तर हुकमाप्रमाणें, नसेल तर त्या स्थळच्या त्या धंद्याच्या रूढीप्रमाणें काम करावें. अन्यथा झालेला तोटा मुखत्यारानें भरावा. कौटिल्याचा ‘देशकाल’ येथें इंग्रजी वेषांत पुनः भेटतो.

[४] चिठ्ठी, ‘गाळा’ आणि पंच

१८६५ च्या अनर्थानंतर दलालांची बैठक जागा पालटीत पालटीत १८७४ सालीं ज्या गल्लींत स्थिरावली, तिलाच पुढें दलाल स्ट्रीट हें नांव मिळालें. ९ जुलै १८७५ रोजीं त्यांनीं आपली मंडळी स्थापन केली. प्रवेशाची वर्गणी एक रुपया होती. मंडळी झाली म्हणजे नियम आले, आणि नियम आले म्हणजे लेख आला. दलालानें गिऱ्हाइकास सौद्याची चिठ्ठी देण्याची पद्धति हळूहळू पक्की झाली. या चिठ्ठींतील एका शब्दावर दावे फिरत. ‘आपल्यासाठीं घेतले’ असें लिहिलें तर दलाल मध्यस्थ. ‘आपणांस विकले’ असें लिहिलें तर तो स्वतः विकणारा.

पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजी-मंदींत गडबडी वाढल्या, तेव्हां सरकारनें १९२३ सालीं विल्फ्रेड अ‍ॅटले यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली. तिच्या अहवालानंतर १९२५ चा मुंबईचा रोखे-करार नियंत्रण कायदा झाला. मान्यताप्राप्त बाजाराच्या नियमांबाहेर केलेले वायद्याचे सौदे त्यानें रद्दबातल ठरविले. पुढें १९३६ सालीं मॉरिसन समिति बसली. स्वातंत्र्यानंतर १९५६ चा अखिल भारतीय कायदा झाला, आणि त्याच्या १५ व्या कलमांत तिसऱ्या जातीच्या तंट्यास सरळ उत्तर दिलें गेलें : सभासद दलालास बाहेरच्या माणसाशीं स्वतः पक्ष होऊन सौदा करावयाचा असेल तर त्यानें त्याची संमति घ्यावी आणि चिठ्ठींत तसें नमूद करावें, संमति तोंडीं असेल तर तीन दिवसांच्या आंत ती लेखी करून घ्यावी.

एवढें झालें तरी दुसरी जात, म्हणजे भावांतर, तशीच राहिली. बाजारांत दिवसभर भाव ओरडून होत. सायंकाळीं दिवसाचा उंच व नीच भाव प्रसिद्ध होई. परंतु अमुक दलालाचा अमुक सौदा अमुक मिनिटास किती भावानें झाला याचा त्रयस्थाजवळ लेख नसे. समजा, दिवसाचा नीच भाव २४० व उंच भाव २४८. दलालानें सकाळीं २४२ नें शंभर शेअर घेतले आणि चिठ्ठींत २४७ लिहिले. चिठ्ठींतला भाव दिवसाच्या मर्यादेंत असल्यामुळें गिऱ्हाइकास बोलण्यास जागा नाहीं. आणि दलालीखेरीज पांचशें रुपये दलालाच्या खिशांत. या प्रकारास बाजारांत ‘गाळा’ म्हणत. गुजराती ‘गाळो’ म्हणजे मधलें अंतर. शब्द किती यथार्थ आहे पहा! कौटिल्यानें जें जसेंच्या तसें द्यावें म्हणून सांगितलें तें याच अंतरांत नाहींसें होत असे. नियम होता, कायदा होता, चिठ्ठीही होती. उणीव होती ती काळ व भाव नोंदणाऱ्या त्रयस्थ लेखाची.

तंटा झालाच तर बाजाराच्या १९५७ च्या उपनियमांप्रमाणें तो पंचांकडे जाई, आणि ते पंच बाजाराच्या सभासदांपैकींच असत. म्हणजे दलालाविरुद्धच्या फिर्यादीचा निवाडा दलालांनींच करावयाचा. या व्यवस्थेची निंदा पुष्कळ झाली आहे. तथापि धर्मशास्त्रांत कुल, श्रेणि, पूग आणि राजनियुक्त अधिकारी अशा चढत्या पायरीच्या न्यायसभा सांगितल्या आहेत, त्यांतील श्रेणीचीच ही आवृत्ति होय. धंद्यांतील माणसास धंद्यांतील खुबी कळतात, हा तिचा गुण. आपल्या माणसास संभाळून घेण्याची प्रवृत्ति, हा तिचा दोष. म्हणूनच शास्त्रानें वरची पायरी मोकळी ठेविली होती.

[५] यंत्राची साक्ष

१९९४ च्या नोव्हेंबरांत राष्ट्रीय शेअर-बाजारांत पडद्यावरील शेअरांचे सौदे सुरू झाले, आणि १९९५ च्या मार्चांत दलाल स्ट्रीटच्या बाजारानेंही तीच पद्धति घेतली. यापुढें हुकूम यंत्रांत जाई. अधिक चांगल्या भावाचा हुकूम आधीं, आणि भाव सारखा असेल तर आधीं आलेला आधीं, असा क्रम यंत्रच लावी. प्रत्येक सौद्यास क्रमांक व वेळ मिळूं लागली आणि ती चिठ्ठीवर छापली जाऊं लागली. ‘गाळा’ मोडला तो उपदेशानें नव्हे, या लेखानें. १९९६ सालापासून कागदी शेअरांच्या जागीं नोंदरूप शेअर येऊं लागल्यानें बनावट सह्यांचे व खराब मालाचे तंटेही क्रमाक्रमानें ओसरले.

मग तंटे संपले काय? नाहीं, त्यांचा भर चौथ्या जातीवर गेला. यंत्रास वेळ व भाव कळतो. हुकूम खरोखर गिऱ्हाइकानें दिला कीं दलालाच्या माणसानें आपल्याच मनानें घातला, हें कळत नाहीं. दूरध्वनीवरून दिलेला हुकूम पूर्वींच्या तोंडीं हुकमासारखाच हवेंत विरतो. दलाली वाढावी म्हणून गिऱ्हाइकाच्या खात्यांत न सांगतां सौदे केल्याच्या तक्रारी होऊं लागल्या. तसेंच, भाव फिरल्यावर स्वतः दिलेला हुकूम नाकारणारे गिऱ्हाईकही निघाले. जुगाराच्या जुन्या सबबीची ही नवी बहीण होय. १९९२ सालीं वैधानिक अधिकार मिळालेल्या सेबीनें २०१८ सालीं यावर उपाय केला. गिऱ्हाइकाच्या हुकमाचा पुरावा, मग तो सहीचा कागद असो, ध्वनिमुद्रण असो वा यंत्रांतील नोंद असो, जवळ असल्यावांचून दलालानें सौदा करूं नये. आणि तंटा झाल्यास हुकूम मिळाल्याचें सिद्ध करण्याचा भार दलालावर.

या नियमाचें महत्त्व ऐतिहासिक आहे. वडाच्या झाडाखालीं दलालाची वही हाच पुरावा आणि ती खोटी ठरविण्याचा बोजा गिऱ्हाइकावर, अशी वस्तुस्थिति होती. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें ३४ व्या कलमांत सांगून ठेविलें होतें कीं, नियमितपणें लिहिलेल्या वह्या पुराव्यांत घेतां येतील, परंतु केवळ तेवढ्यानें कोणावर देणें लादतां येणार नाहीं. तो कायदा जाऊन २०२४ च्या जुलैपासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम अमलांत आला. हें तत्त्व त्यांतही कायम आहे. स्वहस्तलेख लिहिणाऱ्याच्या विरुद्ध प्रमाण, त्याच्या लाभासाठीं एकटा प्रमाण नव्हे, हा याज्ञवल्क्याचा कटाक्ष शेअर-बाजाराच्या रोजच्या व्यवहारांत उतरण्यास मात्र २०१८ साल उजाडावें लागलें.

[६] संग्राहकांस विनंती

वरील विवेचनाचा आपल्या मंडळींशीं प्रत्यक्ष संबंध आहे. आपण सनदा, महजर, बखरी, राजकीय पत्रें जिवापाड जपतों. दलालाची सौदावही मात्र दृष्टीस पडली तरी आपण ती बाजूस सारतों. तिच्यांत राजे नाहींत, लढाया नाहींत. पेढी बंद पडते, वाडा किंवा चाळ पडते, आणि वह्यांचे गठ्ठे रद्दीच्या वजनानें जातात. न्यायालयांच्या छापील निकालांत जे तंटे आढळतात ते श्रीमंतांचे व हट्टी माणसांचे. जो लहान गिऱ्हाईक पांचशें रुपयांसाठीं वकील करूं शकला नाहीं, त्याचा भाव, त्याची तारीख आणि त्याचें नुकसान यांची एकमेव नोंद दलालाच्या रोजमेळांत व खातेवहींत असते. सौद्याची नोंद एका भावाची आणि गिऱ्हाइकाच्या खात्यांतील रक्कम दुसऱ्या भावाची, अशी तफावत ज्या वहींत सांपडेल ती वही स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देईल; आणि जिच्यांत वर्षानुवर्षें दोन्ही भाव जुळतील ती एखाद्या प्रामाणिक दलालाचें स्मारक ठरेल. दोन्ही सारखींच मोलाचीं.

अशा वह्या हातीं आल्यास तीन सूचना ध्यानांत ठेवाव्या. पहिली, लिपीची. मुंबईच्या पेढ्यांच्या वह्या मोडींतच असतील असें समजूं नये. गुजराती वाणियाशाई किंवा मारवाडी महाजनी लिपि बहुधा आढळेल, आणि त्यांत काना-मात्रा गाळण्याची रीत आहे. ‘काकाजी अजमेर गये’ हें वाक्य ‘काकाजी आज मर गये’ असें वाचून घरांत रडारड झाल्याची गोष्ट व्यापाऱ्यांत प्रसिद्धच आहे. भावाचे आंकडे आधीं वाचावे, नांवें मागाहून लावावीं.

दुसरी, कालगणनेची. गुजराती पेढीचें वर्ष दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध प्रतिपदेस पालटतें. उत्तरेकडील गणनेनें विक्रम संवत् चैत्रांत पालटतो. तेव्हां १ जुलै १८६५ हा वायद्याचा दिवस शके १७८७ च्या आषाढ शुद्ध पक्षांत येतो. परंतु गुजराती वहींत त्यास संवत् १९२१ असेल आणि चैत्रादि गणनेच्या वहींत १९२२. हा भेद न जाणतां दोन वह्या ताडून पाहिल्यास एकाच दिवसाचे सौदे एक वर्षाच्या अंतरानें झाल्याचा भास होईल, आणि प्रामाणिक माणूस चोर ठरेल.

तिसरी, गठ्ठ्याची. रोजमेळ, खातेवही, सौदानोंध आणि सुट्या चिठ्ठ्या एका पेढीच्या असतील तर त्या कदापि फोडूं नयेत. सुंदर अक्षराची किंवा कुंकवाच्या स्वस्तिकाची एक वही निवडून बाकीच्या टाकून देण्याचा मोह संग्राहकांस होतो. परंतु एकटी वही ही एकट्या पक्षाची जबानी आहे. तफावत कळते ती दोन वह्या शेजारीं ठेवल्यानें.

शास्त्रानें नियम दिला, राज्यकर्त्यांनीं कायदा दिला, यंत्रानें वेळ दिली. तरीही प्रत्येक पिढींत दलाल व गिऱ्हाईक यांच्यामध्यें शेवटचा शब्द लेखाचाच राहिला आहे. १९९४ पासूनच्या सौद्यांची नोंद यंत्रें ठेवीत आहेत. त्यापूर्वींच्या शतकाची नोंद माळ्यांवर व तळघरांत कसरीच्या स्वाधीन आहे. ती तेथून बाहेर काढून मंडळाच्या दप्तरांत आणण्याचें काम इतिहासप्रेमी मंडळींनीं अंगावर घ्यावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों. इत्यलम्.